बंटीला दिसतं का?

म्हातारं कुत्रं घरात असलं की किस्से आपोआप साठतात. आपण चहा पीत बसलेलो असतो, मागे धप्प आवाज येतो, झाला नवा किस्सा! आज ऐकताना तुम्ही हसाल, पण तेव्हा आम्हाला नुसते धक्के बसत होते बरं का.

बंटी म्हणजे आमचा पांढरा पॉमेरियन, वय बारा. बाबांनी व्हीआरएस घेतल्यापासून दोघं रोज सकाळी केबिन रोड ओलांडून जेसल पार्कपर्यंत फिरायला जायचे. बाबांचा दिवसातला तेवढाच आनंद. आईला एकदा बंटीच्या बुबुळांवर दुधी पडदा दिसला आणि तिने फर्मान काढलं, "त्याला दिसत नसेल तर फिरणं बंद! त्या ट्रॅफिकमध्ये दोघंही मराल." झालं, तेव्हापासून बाबा बंटीचे वकील!

*

दिवाळीआधी घराला रंग काढला, तेव्हा दिवाण या भिंतीचा त्या भिंतीला नेला. दुपारी बंटीशेठ ऐटीत आले, जुन्या जागेवर उडी मारली आणि थेट तोंडावर आपटले. दिवाण होताच कुठे तिथे! मी किंचाळलेच.

बाबा खुर्चीतून न उठता म्हणाले, "सवय आहे गं त्याची. डोळ्यांचा काय संबंध?"

*

संक्रांतीला आई हळदीकुंकवाहून आली. हाताला अत्तर, अंगावर गुलाबपाणी. बंटी जो भुंकत सुटला, तो तिच्या साडीलाच लटकला!

"अहो, धरा त्याला! बारा वर्षं दूधपोळी कोण घालतंय याला?" आई अगदी रडकुंडीला आली. मी तर थिजलेच. वासावर ओळखायचा बिचारा, आणि आज वासच बदललेला.

बाबा म्हणाले, "अगं, इतकी नटलीयेस. मलासुद्धा आधी कळलं नाही कोण आलंय ते!"

आई रागावली, पण थोडी लाजलीपण.

*

मग बाबा गुपचूप औषध आणायला गेले. मी बाजूलाच भाजी घेत होते, कानावर पडलं ते ऐकून हातातली जुडी तशीच राहिली.

"मोतियाबिंद का ड्रॉप दो. हमारे बंटी के लिए. बारा साल का है."

"बारा साल?" केमिस्ट हादरला. "स्कूल में बोर्ड दिखता है उसको?"

"स्कूल कहाँ! दिनभर सोता है."

"घर में क्या बोलते हैं?"

"मिसेस को तो परसों काटने गया."

केमिस्ट काउंटर सोडून बाहेरच आला. मी धावत जाऊन ओरडले, "भैया, कुत्ता है, कुत्ता!"

*

आणि एका सकाळी रिक्षावाला दोघांना घेऊन दारात. "आंटी, दोनों सीधा गाडी के सामने आए! ब्रेक लगा इसलिए बच गए."

आईच्या हातातलं उलथनं खाली पडलं. बाबा पांढरेफटक. "बंटीने ओढलं मला," एवढंच म्हणाले.

"आजच्या आज डॉक्टर," आई म्हणाली. "माझा जीव टांगणीला लावू नका."

बाबांनी हळूच विचारलं, "दिसतंय असं निघालं तर जाऊ देशील ना?"

"देईन."

इतका रडवेला आवाज मी बाबांचा कधी ऐकला नव्हता.

*

कुत्र्यांच्या डॉक्टरांनी बंटीला स्टीलच्या टेबलावर उभं केलं आणि कापसाचा बोळा घेतला. "हा याच्या नाकासमोर खाली सोडतो. आवाज नाही, काही नाही. दिसत असेल तर नजर मागोमाग जाईल. कुणी बोलू नका."

बाबा टेबलावर वाकून बंटीच्या अगदी शेजारी. "बघ रे राजा, नीट बघ," म्हणाले आणि गप्प झाले.

डॉक्टरांनी बोळा सोडला. बंटी ढिम्म.

दुसरा सोडला. काही नाही.

तिसरा सोडला. तिन्ही बोळे टेबलावर पडलेले, बंटी समोर बघत उभा. आईने पदर तोंडाला लावला. आता बाबांना कोण सांगणार, म्हणून मी डॉक्टरांकडे बघितलं.

बाबा तसेच वाकलेले, बंटीच्या पाठीवर हात ठेवून.

"डॉक्टर," ते म्हणाले, "किती ताटकळवताय त्याला? सोडा ना आता तो कापूस!"