मेमरीच्या पट्टीवरची खाच

कपड्यांच्या कारखान्यात त्यांना सगळे ‘मास्तर’ म्हणत. बाईमाणसाला मास्तर कसं म्हणायचं, असं पहिल्या आठवड्यात कुणीतरी विचारलं होतं. पण त्यांनी एका बैठकीत अख्खा कोट बेतून दिला आणि विचारणाऱ्याचं तोंड बंद झालं. एकतीस वर्षं त्या कागदावर कपडे बेतत आल्या. मग मान कुरकुरू लागली, डॉक्टरांनी वाकायला मनाई केली आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी मास्तर संगणकाच्या पडद्यावर बेतायला शिकल्या.

हात लवकर बसला, पण घरचा जुना संगणक पुरेना. कोटाची सगळी मापं एकदम उघडली की तो जागच्या जागी थिजायचा. “मेमरी कमी पडते,” असं जो तो सांगे. पण मेमरी म्हणजे नक्की काय आणि कमी पडते म्हणजे किती, हे कुणी सांगेना. मास्तरांनी दोन आठवडे टिपून ठेवलं: सदरा उघडला की किती मेमरी खर्च होते, कोट उघडला की कधी संपते. सुटे भाग आणून नवा संगणक स्वतःच जुळवायचं ठरवलं. मग जुन्याचं झाकण खोलून मेमरीच्या दोन पट्ट्या काढल्या आणि रुमालात गुंडाळल्या.

“ताई, तयार संगणक घे आणि मोकळी हो की,” धाकटी बहीण म्हणाली.

“तयार कपडा घालून मी कधी मोकळी झालेय?”

संगणकाच्या सुट्या भागांचा दुकानदार मोजकं बोलणारा माणूस होता. मास्तरांनी टिपण पुढे ठेवलं तसा तो चष्मा पुसून बसला.

“आधी काय ठरवायचं, प्रोसेसर की मेमरी?” मास्तरांनी विचारलं.

“आधी मदरबोर्ड, सगळे भाग जिच्यावर बसतात ती मुख्य पाटी. त्याच्या खोबणीत ठरावीक घराण्याचेच प्रोसेसर बसतात. बोर्ड घेतला की सोयरीक पक्की.”

त्यानं दोन बोर्ड मांडले. एक जुन्या पिढीचा. त्यात मास्तरांच्या पट्ट्या चालल्या असत्या, पण त्याच्यासाठी नवे प्रोसेसर यायचे थांबले होते. दुसऱ्या बोर्डावर पुढे-मागे नुसता प्रोसेसर बदलता आला असता, पण त्याला मेमरी नव्या जातीची लागणार.

“लांबी तर तेवढीच दिसते,” म्हणत मास्तरांनी आपली पट्टी नव्या बोर्डाच्या फटीवर धरली आणि पर्समधलं भिंग काढलं. पट्टीच्या कडेला बारीक खाच होती. ती फटीतल्या उंचवट्यापासून जराशी सरकलेली होती.

“मुद्दाम केलंय ना हे?”

“हो. तरीही काहीजण दाबून बसवायला जातात.”

“आमच्याकडेही असंच. बाहीला पुढून एक खाच, मागून दोन. नाहीतर डावी बाही उजव्या खांद्याला लागायची.”

दुकानदार पहिल्यांदाच हसला.

मास्तरांनी नवा बोर्ड घेतला. फटी चार, मग पट्ट्या दोनच का, हेही विचारून घेतलं. चारही भरल्या तर सगळ्यांचाच वेग उतरतो, तेव्हा आत्ताच दोन मोठ्या घ्या, असं तो म्हणाला. टिपणातल्या कोटाचा आकडा बघून त्यानं प्रोसेसर मधल्या ताकदीचा सुचवला आणि मेमरीत हात आखडू नका म्हणून बजावलं. जुन्या पट्ट्या दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडतील म्हणून मास्तर तिथंच ठेवून आल्या.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर दोघी बहिणींनी जुळणी केली. पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या फटीत टक्‌ करून बसल्या. बटण दाबलं. पंखा फिरला, पण पडदा काळाच. मेमरीशेजारी एक पिवळा दिवा लागून राहिला.

“बंद कर ताई, काहीतरी जळेल.”

मास्तरांचा हात बटणापर्यंत गेला आणि थांबला. वास नव्हता, धूर नव्हता. त्यांनी बोर्डाची पुस्तिका उघडली आणि कोपऱ्यातली ओळ मोठ्यानं वाचली: नवी मेमरी बसवल्यावर पहिल्या वेळी बोर्ड तिची चाचणी घेतो, काही मिनिटं लागतील, बंद करू नये.

दोघी खुर्च्या ओढून बसल्या. बहीण घड्याळाकडे बघत होती, मास्तर दिव्याकडे. सातव्या मिनिटाला दिवा विझला आणि पडदा उजळला.

दुपारी प्रोग्राम चढवून झाला. कोटाची नऊच्या नऊ मापं एकाखाली एक उघडली, कुठं अडलं नाही. बहीण खूश होऊन पसारा आवरायला उठली. मास्तरांनी मात्र दुकानदाराला फोन लावला.

“चालू झाला ना?” त्यानं विचारलं.

“झाला, उत्तम चाललाय. पण त्या सात मिनिटांत तो नक्की काय तपासत होता?”

“खरं सांगू? तेवढ्या खोलात मी कधी गेलो नाही.”

“मग उद्या येते मी,” मास्तर म्हणाल्या, “दोघं मिळून बघू.”