लीनाची गैरहजर मुलं

लीना गुप्तेबद्दल मी चार चांगले शब्द लिहावेत अशी अपेक्षा असेल तर आधीच सांगते, ते मला जड जाणार आहे. मेलबर्नच्या टार्निट उपनगरात आमची घरं दोन गल्ल्या सोडून. दोघींचं काम एकच, घरातलं पाळणाघर. आम्हाला नोंदवून घेणारी एजन्सी एक, भिंतीवरची प्राण्यांची चित्रंसुद्धा एकाच दुकानातली. तरी माझ्याकडची मुलं मला मयूरा आंटी म्हणायची आणि तिच्याकडची तिला लीनामावशी. मी किती शिकवलं, पण ‘मावशी’ काही माझ्या वाट्याला आली नाही.

लीना मूळची डोंबिवलीची. अकाउंटिंग शिकायला इथे आली, मग तीन वर्षं पेट्रोल पंपाच्या काउंटरवर उभी राहिली आणि शेवटी चाइल्ड केअरचा कोर्स केला. एवढी शिकलेली सून लोकांच्या पोरांचे शेंबूड पुसते म्हणून सासरचे नाराज होते, हे ती स्वतःच हसत हसत सांगायची. मला नाही असं सांगता येत. तिच्या वरणभातात ती काय घालायची देव जाणे. माझ्या पाळणाघरात ताटाकडे बघून तोंड फिरवणारा मिहिर एका वाढदिवसाला तिच्याकडे दोनदा मागून जेवला. त्या दिवसापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते आजतागायत.

२०२०च्या ऑगस्टमध्ये मेलबर्न कडेकोट बंद झालं. हॉस्पिटल, किराणा अशा अत्यावश्यक कामांवर जाणाऱ्यांचीच मुलं तेवढी पाळणाघरात येऊ शकत होती. माझ्याकडच्या चारही मुलांचे आईबाप लॅपटॉप उघडून घरात बसलेले. एकेकाचा फोन आला.

“मयूरा, सध्या बंद करतो गं. चालेल ना?”

“नो वरीज! अगदी बिनधास्त.”

सदाशिव पेठेत वाढलेय मी. थांबा हो म्हणून कुणाची मनधरणी करायची आम्हाला सवय नाही. त्याच दिवशी चारही नावं मी एजन्सीच्या पोर्टलवरून काढून टाकली. मग एजन्सीचा नियम आठवला: चार आठवडे एकही मूल नोंदणीत नसेल तर आपलंच नाव यादीतून जातं. म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा घराची तपासणी, सहा वर्षांचं सगळं पहिल्यापासून. मी हादरले, पण कुणाला बोलले नाही.

पुढच्या झूम मीटिंगला एजन्सीचा कोऑर्डिनेटर सलिल कौतुकानं म्हणाला, “मयूराची यादी रिकामी झाली, पण लीनाची पाचही नावं जागच्या जागी आहेत हं.” लीना नेहमीसारखी हसली. माझा कॅमेरा मी बंद केला.

दिवसाला तासभर फिरायची मुभा होती. मी रोज लीनाच्या घरावरून जाऊ लागले. आत ना रडणं, ना गाणी. पुढच्या ओट्यावर मुलांच्या गमबुटांच्या पाच जोड्यांची रांग असायची, तिथे आता एकच जोड. मग मुलामागे मिळणारी सरकारची सबसिडी ही बाई कोणत्या मुलांवर घेते? खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. घरी येऊन सलिलला ईमेल केली, गमबुटांसकट.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

“मयूरा, तिनं चौघांना गैरहजरच लावलंय. साथीपुरता नियम बदललाय. मूल घरी राहिलं तरी सरकार आपला वाटा देतंय आणि पालकांच्या वाट्याची गॅप फी माफ करायची परवानगी आहे. फक्त नाव काढायचं नाही. दोनदा कळवलं होतं मी.”

त्या दोन्ही ईमेल मी उघडल्या नव्हत्या. “पण लोक तयार कसे झाले?”

“तिनं फोन केले. म्हणाली, नाव ठेवा, तुम्हाला काही द्यावं लागणार नाही, पण माझं पाळणाघर जगेल.”

“असं सरळ म्हणाली?”

“सरळ. तू पण विचार ना तुझ्या पालकांना.” मग तो म्हणाला, “तक्रार आली की मला खुलासा घ्यावा लागतो. तुझं नाव नाही सांगितलं. पण गमबुटांचं विचारलं, तेव्हा ते कुणी पाहिले हे तिला कळलं असावं.”

मी मिहिरच्या आईचा नंबर काढला. तीनदा काढला. ‘माझं पाळणाघर जगेल’ हे तीन शब्द माझ्या तोंडून निघेनात. फोन ओट्यावर ठेवून मी भांडी घासत बसले. लीनाचा इतका हेवा मला तिच्या वरणभाताचाही वाटला नव्हता.

चौथ्या आठवड्यातल्या गुरुवारी बेल वाजली. मास्क लावलेली एक अनोळखी बाई आणि तिच्या हाताला तीन वर्षांची मुलगी.

“मी कादंबरी, नर्स आहे. ही ईशानी. लीनानं पाठवलंय.”

“तिच्याकडे जागा नाही?”

“आहे की. दोन दिवस तिच्याकडेच होती ही. पण ती म्हणाली, मयूराकडे घेऊन जा, तिला आत्ता एक तरी मूल हवंय.”

म्हणजे मला जे कुणापाशी बोलता आलं नव्हतं, ते ती माझ्यासाठी बोलून मोकळी झाली होती. ईशानीची नोंदणी त्याच दिवशी केली. माझं नाव राहिलं.

दुपारी ईशानीनं ताटाकडे पाहून विचारलं, “Where’s the ghee? लीनामावशी puts ghee.” मी मुकाट्यानं तूप वाढलं. तिनं सगळा भात संपवला.

शेवटी मी लीनाला फोन केला. माफी मागायची म्हणून केला आणि म्हणाले, “ईशानी जेवली हं नीट.”

“जेवणारच. तुझ्याकडे रमेल ती,” लीना म्हणाली.

ती ईमेलचं काढेल, दोन शब्द सुनावेल, गमबुटांवरून तरी टोमणा मारेल म्हणून वाट पाहिली. तिनं ईशानीची दुपारच्या झोपेची वेळ सांगितली, शेंगदाणे देऊ नकोस म्हणाली आणि फोन ठेवला.

एकदा तरी भांडायचं होतंस गं लीना. फिटंफाट झाली असती.