घरात बया आली तेव्हा

पोरगी सहा वर्षांची असताना तिचं तोंड सुजायला लागलं, मग पाय. पुण्याच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाचा आजार सांगितला आणि स्टेरॉईडचं पातळ औषध दिलं. ऐंशीनंतरची गोष्ट. त्यांनी बजावलं होतं, उपाशीपोटी पाजू नका, बाटलीच्या मापानंच मोजा, आणि बरं वाटलं तरी एकदम बंद करू नका, आम्हीच हळूहळू कमी करू. कांजिण्या झालेल्या मुलांजवळ जाऊ देऊ नका, फोड दिसले तर त्याच दिवशी घेऊन या. सांगणाऱ्याचं काय जातं! आमच्या कोळवण गावात मुलं दिवसभर एकमेकांच्या अंगणात असतात, मी कुणाकुणाला हाकलणार?

नवरा नोकरीसाठी मुंबईला. घरात मी, सासूबाई आणि पोरगी. सकाळचं औषध सासूबाईच पाजायच्या. आधी भात भरवायच्या, मग उजेडात माप धरून ओतायच्या. त्यात त्यांनी कधी कुचराई केली नाही.

मी चुलत्याच्या दहाव्याला माहेरी गेले होते. दोन दिवसांनी दुपारी परतले तर दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधलेला. पोरीच्या अंगावर फोड, डोळे अर्धवट मिटलेले, पोटात पाणीही ठरत नव्हतं. बाटली वर फळीवर ठेवलेली.

"बया आलीया घरात," सासूबाई म्हणाल्या. कांजिण्यांना त्या देवीच मानायच्या, बया म्हणायच्या. "फोडणी बंद, औशद बंद. काल बी पाजलं न्हाई, आज बी न्हाई."

"आत्याबाई, हे मधेच तोडलं तर पोरगी हातची जाईल," मी सासूबाईंना म्हणाले.

"जिभंला हाड हाय का तुज्या? बया आल्यावर औशद पाजलं तर ती कोपती. आमी आमच्या पोरांना कदी पाजलं न्हाई."

मला भांडायचं होतं. वर्षभर दवाखाना, शेत, गाडी, पुन्हा दवाखाना, यानं अंगात त्राण उरलं नव्हतं. मी बाटली पिशवीत घातली, पोरीला उचललं आणि एसटीच्या थांब्याकडे चालू लागले. बया अंगावर असताना उंबरा ओलांडू नये म्हणून त्या दारातून ओरडत राहिल्या. गाडी सुटायच्या बेतात असताना दहीभाताचा डबा घेऊन धापा टाकत आल्या आणि न विचारता शेजारी बसल्या. मला त्यांचा राग आलेला होता आणि तरी त्या आल्या म्हणून बरं वाटलं.

दवाखान्यात पोरीला लगेच सलाईन लागलं. डॉक्टर माझ्यावरच उखडले, "औषध कोणी बंद केलं?" मी तोंड उघडायच्या आधीच सासूबाई म्हणाल्या, "म्या. तिला बोलू नका, ती घरी नव्हती."

पोरीनं पाण्यासाठी हाक मारायला तीन दिवस गेले. त्या संध्याकाळी मी खाटेला टेकून बसले होते. सासूबाई जवळ आल्या.

"तू आली नसतीस तर माज्या हातनं गेली आसती ना गं पोरगी?"

नाही म्हणायला हवं होतं. वय झालेलं माणूस, एवढ्या लांब मागे आलेलं. पण त्या दिवशी मी इतकी दमले होते, की खोटं बोलण्याइतकाही जीव माझ्यात नव्हता.

"व्हय," मी म्हणाले.