बंद दिव्याचा ताबा

पहाटे पहिल्या पाळीच्या बसकडे निघालेल्या माझ्या सुनेला आणि लेकीला कंटेनरने चौकातच उडवलं. डोक्यावर उंच खांब होता, खांबावर गोल दिवे होते, आणि एकही लागत नव्हता. मी धावत पोचले तेव्हा ड्रायव्हर रडत सांगत होता, बायका दिसल्याच नाहीत. त्याचं मला खरं वाटलं. तिथे मलाही काही दिसत नव्हतं.

केबल जळून दिवाळी उलटून गेली होती. खांब ग्रामपंचायतीने उभारलेला. चाकणच्या बाजूने कारखाने वाढत आले तसा तो शहराच्या मोठ्या कचेरीकडे गेला, आणि रस्ता रुंद करायचं ठरल्यावर रस्तेवाल्यांकडे.

दवाखाना, दिवस, सगळं आटोपल्यावर मी त्या मोठ्या कचेरीत गेले. टेबलामागचा माणूस म्हणाला,

"मावशी, तो खांब आता आमच्याकडे नाही. रस्ता तिकडे गेलाय."

"रस्ता गेला. खांब चालत गेला का त्याच्या मागे?"

बाजूचा कारकून हसला. मी हसवायला गेले नव्हते.

रस्तेवाल्यांचा साहेब म्हणाला, "रस्ता घेतलाय आम्ही. दिवा नाही. बंद पडलेली वस्तू ताब्यात घेता येत नाही, आजी. आधी त्यांनी चालू करून द्यायला पाहिजे."

"आणि ते म्हणतात, ती तुमची."

"मग त्यांना लेखी मागा."

माझं माहेर कोकणातलं, दीपगृहाच्या पायथ्याशी. वडील तिथे दिवा राखायला होते. चौथीपुढे शाळा नव्हती, म्हणून मी त्यांच्या हाताखाली काचा पुसायचे. दीपगृह इंग्रजांनी बांधलेलं. त्यांच्याकडून ते बंदरखात्याकडे आलं, पुढे दिल्लीच्या खात्याकडे गेलं. आता दिवा सरकारचा, पण खाली तिकीट फाडायला कंत्राटदाराची माणसं बसतात. दर वेळी पाटी बदलली, रंग बदलला, घासलेट जाऊन वीज आली. काळोख एकदाही झाला नाही. जुन्याने दिवा पेटवायचा, आणि नव्याने पेटत्या दिव्याखाली उभं राहून ताबा घ्यायचा, ही तिथली रीत. विझलेला दिवा कोणी कोणाच्या गळ्यात मारत नसे, कारण समोर होड्या असायच्या.

हे मी साहेबाला सांगितलं. तो म्हणाला, "इथे समुद्र कुठेय?"

मी म्हटलं, "माणसं आहेत ना."

महिन्याभराने शिडीची गाडी आली आणि दिवे लागले. मी खाली जाऊन विचारलं, "कोणाकडून आलात रे?" वरचा माणूस म्हणाला, "आम्हाला फक्त काम सांगितलंय, मावशी." कोणत्या कचेरीने सांगितलं ते अजून कोणी कबूल करत नाही. कबूल केलं तर आधीचा अंधारही त्यांच्याच नावावर लागेल.

शेजारपाजारचे म्हणतात, नशिबाचा खेळ. नशिबाने केबल जळाली असेल, पण ती तशीच ठेवली माणसांनी.

लेक जागीच गेली. सून वाचली.