कळस नसलेली इमारत

औंढ्याचा कळस दिसला की बसमधली माणसं हात जोडतात, आणि मला हैदराबादच्या दवाखान्याची खिडकी आठवते. समोर काचेचा नवा, उंच टॉवर होता. दुपारी त्याच्यावरून परतलेलं ऊन आईच्या चादरीवर पडायचं. वॉर्डातलं कुणी म्हणे, नवरीसारखा सजलाय. कुणी म्हणे, काचेचं भूत. तोवर जिल्ह्याबाहेर कधी न गेलेली माझी आई म्हणाली, “याला कळस काहून न्हाई? काम बाकी हाय व्हय?”

“झालंय पुरं, आई.”

“कळसाबिगर पुरं कसं व्हईल?”

तरी तिनं पडल्या पडल्या त्यालाच हात जोडले. “बाबा, तू कोन हायस ठाऊक न्हाई. मला घरी जाऊ दे.”

परतताना ॲम्ब्युलन्समधून औंढ्याचा कळस दिसला. तिचे गार हात मीच जोडले.