भारीतलं लायसन

किस्से शोधायला जावं लागत नाही. तलासरीत दर रविवारी आमचा गाडीच्या लायसनचा वर्ग भरतो. शिकवून झाल्यावर "काही शंका?" एवढंच विचारायचं, की आठवडाभर पुरेल इतकं मिळतं. दिल्लीत शिकून परतलो तो इथल्या माणसांना इथेच चांगलं काम मिळावं म्हणून. खरं सांगतो, अशी माणसं मला तिकडे भेटली नाहीत!

*

पहिलाच दिवस. मी फळ्यावर लिहिलं: हलकं वाहन म्हणजे मोटार, छोटा टेम्पो, जड म्हणजे ट्रक, बस.

सायवनच्या लखमाकाकांचा जन्म ट्रॅक्टरवर गेलेला. ते म्हणाले, "सर, हलक्यातलं नको. एकदाच काढायचंय, भारीतलं द्या."

*

जडच्या लायसनआधी वर्षभर हलकं लागतं, हे काकांना पटेना. त्यांनी वाट काढली. "ट्रक भरलेला असला की जड ना? मग टेस्टला रिकामा मी आणतो."

मी वजनाची मर्यादा समजावत बसलो. मागून आगरच्या सुनंदावहिनी बोलल्या. त्या मासळी विकतात. "काका, टोपली रिकामी झाली म्हणून मी मावरेवाली नाय का?"

काका खाली बसले.

*

वहिनींना बस चालवायची होती. हलकं लायसन मिळताच त्यांनी घरचा मासळीचा टेम्पो हातात घेतला. पण सासूबाईंना बाईमाणसाने गाडी चालवणं मान्य नव्हतं. त्या टेम्पोत पाय ठेवत नसत. सून टेम्पोत पुढे, सासू टोपली घेऊन रिक्षाने मागे, अशी वरात रोज डहाणूच्या बाजारात!

"टेम्पो तर हलका, मग अडचण काय?" मी विचारलं.

"त्यांना मीच भारी पडते, सर."

*

वर्षानंतर बसची टेस्ट. आरटीओच्या साहेबांनी ड्रायव्हर कुठाय म्हणून विचारलं, तेव्हा वहिनी सीटवर बसलेल्याच होत्या. त्यांनी बस अशी रिव्हर्स घेतली की साहेब टेस्टसाठी रोवलेल्या, जागच्या न हललेल्या खांबांकडे बघत राहिले. कुठे शिकलात, म्हणाले.

"आमच्या गल्लीत. दोन्ही बाजूंना बोंबील वाळत असतात. एक जरी पडला तरी सासू जेवायला वाढत नाय."

*

वहिनींचं बसचं लायसन आलं, तेव्हा सकाळीच सगळा वर्ग आगरला गेला. टेम्पो दारात उभा होता, सासूबाई ओट्यावर बाजाराची टोपली भरत होत्या. वहिनींनी कार्ड पुढे केलं. त्यांनी हात पदराला पुसला, कार्ड तळव्यावर घेतलं आणि पापलेट जोखावं तसं वरखाली केलं.

"हे भारी?"

सासूबाईंनी कार्ड परत दिलं. मग टोपली उचलून सुनेच्या हातात ठेवली.

"ही मागं ठेव. मी पुढं बसते."