गाठ ओढून पाहावी

वैशाली गेल्याचा फोन आला तेव्हा मी सुरतेत, कोसाडच्या घरी मेथी निवडत होते. काविळीचं दुखणं तिने अंगावर काढलं होतं. मला रडू आलं नाही. उरलेली मेथी निवडली आणि मग उठले... ती माझ्या भावाची मुलगी. धुळ्याकडून सुरतेत येऊन आम्ही सगळ्यांनी कापड विणायचे लूम चालवले, ती एकटी कॉम्प्युटरवर बसली.

दोन वर्षांपूर्वी तिला इच्छापोरच्या एका डाइंग कारखान्याचं काम मिळालं. कपडा रंगवायची टाकी किती तापली आहे, ते ऑफिसच्या पडद्यावर दिसायला हवं होतं. टाकीवरच्या यंत्राने ऑफिसच्या कॉम्प्युटरशी बोलायचं, तर त्यासाठी कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला तयार भाग मिळतो. त्याला ती लायब्ररी म्हणायची. तिच्यापुढे दोन होत्या. एक सोपी, सगळे वापरतात ती. दुसरी किचकट, शिकायलाच महिना खाणारी, पण जोडणी तुटली की लगेच ओरडून सांगणारी. माझ्या घरी बसून तीन दिवस ती तेच घोळत होती. ताटातली भाकरी थंड व्हायची. शेवटी मी वैतागून म्हटलं, "सगळे वापरतात ती घे आणि जेव." तिने तीच घेतली.

लूमवर ताण्याच्या सुताचा नवा बीम चढवला की जुन्या तारेला नवी तार गाठ मारून जोडतात, आणि लूम चालू करण्याआधी हाताने ओढून बघतात. तीस वर्षं मी हेच केलं. पण तिला विचारलं नाही, गाठ ओढून पाहिलीस का... तिनेही पाहिली नव्हती. एका दुपारी जोडणी तुटली आणि टाकी तापली तरी पडद्यावर ती थंड असतानाचा जुनाच आकडा राहिला. टाकी थंड आहे असं समजून कामगाराने झाकण उघडलं. त्याचा हात कोपरापर्यंत भाजला.

त्याला बघून ती माझ्याकडे आली आणि भिंतीला टेकून बसली. मी म्हटलं, मीच सांगितलं होतं तुला. ती म्हणाली, "आत्या, निवडणारी मी. तू फक्त जेवायला बोलावत होतीस." मला मोकळं केलं असं तिला वाटलं असेल. मी मोकळी झाले नाही.

दुसरी लायब्ररी घेऊन तिने सगळं काम पुन्हा केलं, आणि कारखान्यात लावण्याआधी ती लायब्ररी माझ्या फोनवर लावून पाहिली. रोज सकाळी सातला फोन आमच्या अहिराणीत विचारतो, "आत्या, शेस का?" म्हणजे आहेस का. मी 'शे' दाबायचं. नाही दाबलं तर शेजारच्या सुमनला निरोप जातो. मी टोमणा मारला, मेले का ते बघायला मशीन लावलंस? "हो," ती म्हणाली. "तू गप्प झालीस तर कुणाला तरी कळायला हवं."

स्वतःच्या दुखण्यात मात्र ती गप्प राहिली.

तिला जाऊन सहा आठवडे झाले. फोन सातला विचारतोच. परवा मी 'शे' दाबलं नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिले. दहा मिनिटांत सुमन पिठाच्या हातांनी धावत आली, दार ढकलून म्हणाली, "मावशी, काय झालं?"

मी म्हटलं, काही नाही, गाठ ओढून पाहत होते.